बालाघाटच्या मध्यम घरांना एक विनंती

बालाघाट जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी शाळांमध्ये एकाच स्टाफरूममध्ये दोन तऱ्हेचे शिक्षक बसलेले दिसतात. शिक्षण सारखं, बी.एड. दोघांचं झालेलं, तासही तेच घेतात. एकाची नोकरी कायम आहे. दर महिन्याला पगार येतो, महागाई भत्ता वाढतो, बँक घरासाठी कर्ज देते, सोयरिकी चालून येतात. दुसरा अतिथी शिक्षक. मध्य प्रदेश सरकारनं 2023 च्या सप्टेंबरात अतिथी शिक्षकांचं मानधन दुप्पट करायची घोषणा केली, तेव्हा ते खालच्या वर्गांसाठी महिन्याला 10,000, मधल्या वर्गांसाठी 14,000 आणि वरच्या वर्गांसाठी 18,000 रुपयांपर्यंत पोचलं. दुप्पट झाल्यानंतरचे हे आकडे आहेत. सत्र संपलं की काम संपतं. त्या जागेवर कुणाची बदली होऊन आली, तर याचं नाव कटतं.

लग्नपत्रिकेवर दोघांच्याही नावापुढे 'शिक्षक' असंच छापतात. दोघंही इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत येतात. दोघांनाही आपल्या मुलांनी इंग्रजी शाळेत शिकावं असं वाटतं. मोजणीला कुणी आलं तर दोघंही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतील. माझ्या मते त्यांच्यातला पहिलाच खरा मध्यमवर्गीय आहे. मध्यमवर्ग घटतोय का, या प्रश्नाचं आपल्या जिल्ह्यापुरतं उत्तर मात्र दुसऱ्याच्या संसाराकडे पाहून मिळतं.

तो घटतोय, आणि काळजी करावी अशीच ती गोष्ट आहे. पण काळजी नेमकी कशाची करायची हे आधी नीट ठरवू या. भीती भलतीकडे वळली की माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. आपल्या लांजी-किरनापूर भागानं त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी आकडे पाहू, म्हणजे त्यांचा धाक थोडा कमी होईल. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं मार्च 2021 मध्ये अंदाज मांडला की कोरोनाच्या पहिल्या वर्षात भारतातला मध्यमवर्ग सुमारे 3 कोटी 20 लाखांनी कमी झाला. 9 कोटी 90 लाख असायला हवा होता, तो 6 कोटी 60 लाखांवर आला. त्यांची पट्टी होती दिवसाला माणशी 10 ते 20 डॉलरची. आपल्याकडच्या 'प्राइस' या संस्थेनं वेगळी पट्टी लावली: वर्षाला 5 ते 30 लाख उत्पन्न असलेलं घर. त्या पट्टीनं 2020-21 मध्ये देशातले सुमारे 43 कोटी लोक मध्यमवर्गात बसले. देश तोच, काळही जवळपास तोच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या सहापट. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये नेस्ले इंडियाचे तेव्हाचे प्रमुख सुरेश नारायणन म्हणाले की ज्या मधल्या गिऱ्हाइकावर त्यांच्यासारख्या कंपन्यांचा धंदा चालतो, ते गिऱ्हाईक आटत चाललं आहे. त्यावर देशभर चर्चा झाली. साबण-बिस्किटं विकणाऱ्यांना ही गोष्ट बऱ्याच अभ्यासकांच्या आधी कळते, कारण त्यांचा हिशेब दर महिन्याला होतो.

आता ही 5 लाखांची पट्टी आपल्या गावाला लावून पाहा. वारासिवनी किंवा कटंगीकडचा पाच एकर धानाचा शेतकरी घ्या. एकरी पंधरा क्विंटल धान धरा, 2025-26 चा हमीभाव 2,369 रुपये धरा. पाच एकरांचे 75 क्विंटल, म्हणजे पावणेदोन लाखांच्या थोडं वर. त्यातून रोवणीची मजुरी, खत, औषध, ट्रॅक्टर आणि कापणी वजा केली की निम्मेसुद्धा हाती राहिले तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. उन्हाळी पीक निघालं, दोन म्हशी असल्या, तरी 5 लाखांची रेघ फार दूर राहते. पण गावात विचाराल तर हे घर मध्यम आहे. त्याचं घर पक्कं आहे, दारात मोटारसायकल आहे, मुलगा पदवीधर आहे, आणि सोसायटीच्या निवडणुकीत त्याच्या शब्दाला वजन आहे. दिल्लीच्या पट्टीनं तो मध्यमवर्गात कधी आलाच नव्हता, म्हणून तो खाली घसरला तरी दिल्लीच्या आकड्यात काहीच हलणार नाही. आपल्या जिल्ह्याची बहुतेक वस्ती खेड्यांत आहे. तेव्हा आपली मोजपट्टी आपणच ठरवली पाहिजे.

माझी पट्टी साधी आहे. घरात कमावणाऱ्याचं उत्पन्न उद्या बंद झालं, किंवा एक मोठं आजारपण आलं, तर जमीन न विकता, सोनं न मोडता आणि मुलीचं शिक्षण न थांबवता ते घर किती महिने उभं राहील? सहा महिने राहणार असेल तर ते घर मध्यमवर्गात आहे. दीड महिन्यात सावकाराकडे किंवा सोन्यावर कर्ज देणाऱ्या दुकानात जावं लागणार असेल, तर दारात गाडी असली तरी ते घर मध्यमवर्गात नाही. आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून हा हिशेब करावा, ही पहिली विनंती. बायकोला आणि मोठ्या मुलांना त्यात घ्या. त्यांना कर्जाचा आकडा बरेचदा माहीतच नसतो, आणि घर अडचणीत आलं की पहिला भार त्यांच्याच अंगावर येतो.

मध्यमवर्ग घटला म्हणजे दर वेळी वाईटच झालं असं नाही, हेही मान्य करायला हवं. अमेरिकेत 1971 मध्ये 61 टक्के लोक मध्यम उत्पन्नाच्या घरांत राहत होते, 2023 मध्ये ते 51 टक्के उरले. पण याच काळात वरच्या गटातले 11 टक्क्यांवरून 19 वर गेले आणि खालच्या गटातले 27 वरून 30 वर. म्हणजे मधून निघालेल्यांपैकी जास्त लोक वर चढले. मधली माणसं कुठे गेली हे पाहिल्याशिवाय नुसता आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे ती कुठे जात आहेत? 'वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब'च्या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 2022-23 मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला 57.7 टक्के वाटा वरच्या दहा टक्के लोकांकडे गेला. मधल्या चाळीस टक्क्यांना 27.3 टक्के मिळाला आणि खालच्या निम्म्या देशाला 15 टक्के. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला याच मधल्या चाळीस टक्क्यांचा वाटा चाळीसच्या वर होता. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत घरांची निव्वळ आर्थिक बचत 2022-23 मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली, जवळपास पन्नास वर्षांतली सर्वांत कमी. मधली घरं उपाशी नाहीत. त्यांच्याकडे टीव्ही, फोन, गाडी सगळं आहे. पण त्यांचा वाटा आक्रसला आहे, बचत विरली आहे आणि कर्ज वाढलं आहे. आपल्याकडचा मध्यमवर्ग असा आतून पोकळ होतो आहे.

आपल्या जिल्ह्यात हे कसं झालं ते थोडं खोलात पाहावं लागेल, कारण बालाघाटचा मध्यमवर्ग आपोआप तयार झालेला नाही. हा जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून बनला. इंग्रजांच्या आधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. वैनगंगेच्या काठचं मराठी बोलणारं, पोवारी बोलणारं घर नागपूरकडे तोंड करून वाढलं. मालगुजार होते, त्यांचे कारभारी होते, थोडे वकील-मास्तर होते, बाकी सगळे कुळं आणि मजूर. मधला थर अगदी पातळ होता.

तो जाड कशानं झाला? मँगनीजसाठी 1896 मध्ये एक ब्रिटिश कंपनी या प्रांतात उतरली. 1903 ते 1905 च्या दरम्यान बंगाल-नागपूर रेल्वेनं गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत छोटी लाईन नेली. स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये मॉयल ही मँगनीज कंपनी स्थापन झाली आणि भरवेली, उकवा, तिरोडीच्या खाणी हळूहळू देशाच्या मालकीच्या झाल्या. भरवेलीची खाण आज आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. 1982 मध्ये बैहरच्या पठारावर हिंदुस्थान कॉपरचा मलाजखंड प्रकल्प सुरू झाला. या खाणींनी कामगाराला नुसती मजुरी दिली नाही. क्वार्टर दिलं, दवाखाना दिला, मुलांना शाळा दिली, निवृत्तीनंतर हाती रक्कम दिली. खाली उतरून दगड फोडणाऱ्या माणसाचा मुलगा शिक्षक झाला, नात परिचारिका झाली. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि कुळाला जमीन मिळाली. नागपूर राजधानी असताना आणि 1956 नंतर भोपाळ झाल्यावरही सरकारी शाळा, तहसील, रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ यांत कायम जागा निघत गेल्या. आपल्या बहुतेक घरांत आजोबा शेतकरी, वडील मास्तर किंवा खाणीत, आणि आपण पदवीधर, असा चढ दिसतो. हा चढ सामायिक पैशानं उभारलेल्या संस्थांमुळे शक्य झाला. आजोबांचे कष्ट होतेच. पण तेवढे कष्ट त्यांच्या आजोबांनीही केले होते.

मग या संस्थांत एकेक जागा पातळ व्हायला लागली. नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशानं कायम शिक्षकाची भरती थांबवून शिक्षाकर्मी आणले. शिक्षाकर्मींनंतर संविदा शिक्षक आले, मग अध्यापक, मग अतिथी. 2018 मध्ये अध्यापकांना शिक्षण विभागात घेण्याचा निर्णय झाला, त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. 1 जानेवारी 2005 पासून राज्याच्या नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. खाणींत कायम कामगार निवृत्त होत गेले, आणि तेच काम ठेकेदाराचा माणूस करू लागला. त्याला ना क्वार्टर, ना पेन्शन. आयटीआय झालेला मुलगा नागपूरला बुटीबोरीत किंवा हैदराबादेत दहा-पंधरा हजारांवर जातो आणि खोलीभाडं देऊन घरी पाठवायला थोडंच उरतं. आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे 1,021 स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. याचं श्रेय इथल्या समाजांना आहेच. पण शेती आणि घर दोन्ही एकट्या बाईच्या अंगावर टाकून तरुण बाहेरगावी राबायला जातात, हेही आपल्या गावांचं वास्तव आहे.

अशा वेळी माणूस झटपट उपाय शोधतो. लांजी आणि किरनापूर भागात 'डबल मनी' याच भीतीवर वाढलं. थोड्या महिन्यांत पैसे दुप्पट. आधी आलेल्यांना खरंच दुप्पट मिळाले, ते पाहून शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे आले. मे 2022 मध्ये पोलिसांनी छापे टाकले, सुमारे 10 कोटींची रोकड पकडली, काहींना अटक झाली. या धंद्याचा हिशेब अगदी सोपा आहे. नव्या माणसाचा पैसा जुन्याला द्यायचा आणि तोच नफा म्हणून दाखवायचा. नवी माणसं येईनाशी झाली की सगळं कोसळतं. तोवर कुणी बांधी विकलेली असते, कुणी मुलीच्या लग्नाचे ठेवलेले पैसे घातलेले असतात. यात अडकणाऱ्यांना लोभी म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. पगार थांबलेला, शेतीत उरत नाही, मुलाची फी भरायची आहे, अशा घरानं काय करावं याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं, आणि हे लोक दारात उत्तर घेऊन आले.

म्हणून साधी गोष्ट सांगतो. बँकेची मुदत ठेव वर्षाला सहा-सात टक्के देते. पोस्टात थोडं कमी-जास्त. याच्या दुप्पट देतो असं कुणी म्हटलं तर दहा वेळा विचार करा. महिन्याला पाच टक्के म्हटलं तर दार लावून घ्या, तो सख्खा भाचा असला तरी. 2019 च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या ठेव योजना देशभर बंद आहेत. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे कंपनीचं नाव तपासता येतं आणि तक्रारही करता येते. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. 'डबल मनी'वाल्याच्या वहीला कसलंच नाही.

दुसरी भीती आजारपणाची. आपल्याकडे हृदयाचा झटका आला किंवा अपघात झाला की गाडी गोंदियाकडे निघते आणि तिथून बरेचदा नागपूरकडे. गोंदियाला 2016 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आल्यानं थोडा आधार झाला, पण खासगी दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागाचे आठ दिवस पाच एकरांच्या घराला दोन वर्षं मागे नेतात. अतिथी शिक्षकाचं तर वर्षाचं मानधन त्यात जातं. गरिबाकडे आयुष्मान कार्ड आहे, श्रीमंताकडे पैसा आहे, मधलं घर दोन्हीकडून सुटतं. तेव्हा जे हाताशी आहे ते तरी घ्या. 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचं 5 लाखांचं संरक्षण मिळतं. घरात आई-वडील असतील तर त्यांचं कार्ड या आठवड्यात काढा. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा बँकेच्या खात्यावर मिळतो. सप्टेंबर 2025 पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा जीएसटीही काढला आहे. लग्नातल्या मंडपाच्या एका कमानीच्या खर्चात चार माणसांच्या घराचा वर्षाचा आरोग्य विमा निघू शकतो.

लग्नाचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आपल्या पोवार समाजात आणि इतरही समाजांत सामूहिक विवाह होतात. तिथे कोण जातं? ज्याला परवडत नाही तो. ज्याला कर्ज काढून परवडवता येतं, तो बँड, फटाके, हजार पानं आणि नागपूरहून आणलेला फोटोवाला करतो. मी मास्तरांना, पटवाऱ्यांना, खाणीतल्या कायम कामगारांना आणि दुकानदारांना हात जोडून सांगतो: तुमच्या मुलांची लग्नं सामूहिक मंडपात करा. तुम्ही तिथे बसलात तर अतिथी शिक्षकालाही तिथे बसायला लाज वाटणार नाही. त्याच्या डोक्यावरचं चार लाखांचं कर्ज तुमच्या एका निर्णयानं वाचेल. शिक्षणासाठी बांधी विकण्याआधी बँकेत जाऊन या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी असते, तारण मागायला नको. आणि कॉलेज कोणतं, तिथून मागच्या वर्षी किती मुलं नोकरीला लागली, हे स्वतः जाऊन विचारा. रंगीत पुस्तिकेवर विश्वास ठेवून जमीन गेलेली घरं आपल्या तहसिलीत कमी नाहीत.

ही झाली ज्याच्या त्याच्या घराची काळजी. ती घ्यायलाच हवी, पण नुसती तेवढी घेऊन भागणार नाही. माझं खरं म्हणणं यापुढे आहे, आणि थोडं कडू आहे.

सामायिक संस्था पातळ होत असताना त्यांच्यातून पहिल्यांदा बाहेर पडलो ते आपण. सरकारी शाळेत मास्तर कमी झाले तेव्हा आपण मुलं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवली. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर नव्हता तेव्हा आपण गोंदियाची वाट धरली. प्रत्येक घरासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता. पण अर्ज लिहिता येणारी, कलेक्टरच्या जनसुनवाईत उभं राहून बोलता येणारी, बातमीदाराला ओळखणारी माणसं नेमकी हीच होती. ती गेली आणि मागे राहिली ती ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी घरं. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्ये नायजेरियाच्या रेल्वेचं उदाहरण देऊन हे समजावलं होतं. तिथले भुईमुगाचे व्यापारी रेल्वेच्या कारभाराला कंटाळून ट्रककडे वळले. स्पर्धा आली म्हणून रेल्वे सुधारायला हवी होती, पण ती आणखी बिघडली. कारण ओरडा करणारं गिऱ्हाईकच निघून गेलं, आणि तोटा सरकार भरत होतं.

आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदियाकडे, मालगुजारी तलाव आहेत. मामा तलाव म्हणतात त्यांना. मालगुजारी असताना गाव मिळून गाळ काढायचं, पाळ दुरुस्त करायचं, कारण धान त्याच पाण्यावर होतं. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले, आणि ज्याला जमलं त्यानं बांधीत बोअर मारली. बोअरवाल्याला तलावाची गरज उरली नाही, म्हणून तो गाळ काढायला येईना. मग तलाव भरले ते गाळानं, आणि भूजल खाली गेल्यावर बोअरही आटली. शाळा आणि दवाखान्यांचं आपण हेच केलं आहे. आपल्या फीच्या आणि दवाखान्याच्या बिलाच्या बोअरी खोल खोल चालल्या आहेत. मध्यमवर्गाची बचत कुठे गेली असं विचाराल तर तिचा मोठा भाग इथे गेला: जे पूर्वी सामायिक पैशानं मिळत होतं ते प्रत्येक घर आता वेगवेगळं विकत घेत आहे.

आणखी एक सवय सोडायला हवी. आपल्या बैठकीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: आम्ही कर भरायचा आणि यांना फुकट वाटायचं. रोख असतो लाडली बहना योजनेवर, रेशनवर. ही योजना 2023 मध्ये महिन्याला 1,000 रुपयांनी सुरू झाली, पुढे वाढली. ते पैसे घेणारी बाई तुमच्याच धानाच्या रोवणीला चिखलात वाकलेली असते. ते पैसे वारासिवनीच्या, लालबर्राच्या बाजारातच खर्च होतात आणि तिथल्या दुकानदाराचं घर मध्यम ठेवतात. साबण घेताना तीही जीएसटी भरते. आपला वाटा तिनं खाल्लेला नाही, वर दिलेले आकडे पुन्हा वाचा. मधल्या घरांनी खालच्यांवर राग काढायचा आणि वरच्यांनी पाहत राहायचं, असं चालू राहिलं तर कायम जागा कुणालाच मिळणार नाहीत.

म्हणून मागणी काय करायची हे ठरवू. करात सूट हवी, ही मध्यमवर्गाची नेहमीची मागणी. 2025 च्या अर्थसंकल्पानं नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, चांगलं झालं. पण अतिथी शिक्षकाला, ठेक्यावरच्या खाण कामगाराला, पाच एकरांच्या शेतकऱ्याला त्यातून एक रुपयाही मिळाला नाही, कारण त्यांचं उत्पन्न कधीच तिथवर पोचत नाही. बालाघाटच्या मधल्या घरांची पहिली मागणी रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरण्याची असली पाहिजे. दुसरी, जिल्हा रुग्णालयात आणि तहसिलीच्या आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टर आणि यंत्रं यांची. तिसरी धानाच्या खरेदीची आणि आपल्या चिन्नोरच्या भावाची. चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा तांदूळ उतारा कमी देतो, म्हणून जास्त भाव मिळाला तरच शेतकरी तो लावील, आणि तो भाव गावोगावच्या एकट्या शेतकऱ्याला व्यापारी देणार नाही. त्यासाठी शेतकऱ्यांनी मिळून कांडप, पॅकिंग आणि विक्री केली पाहिजे. ज्याला हिशेब ठेवता येतो, संगणक येतो, नागपूरच्या दुकानदाराशी बोलता येतं, असा निवृत्त मास्तर किंवा बँक कर्मचारी प्रत्येक गावात असतो. त्यानं आठवड्याचे दोन दिवस या कामाला द्यावेत. पेन्शन देशानं दिली आहे, तिच्या बदल्यात थोडा वेळ मागतो आहे.

ज्यांची नोकरी कायम आहे त्यांना वेगळं सांगायचं आहे. स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारी बसणारा अतिथी शिक्षक आंदोलनाला बसतो तेव्हा त्याच्या मंडपात जा. खाणीत कायम कामगारांच्या युनियनचे पदाधिकारी असाल तर ठेक्याच्या कामगाराला सभासद करून घ्या. तुमच्या निवृत्तीनंतर तुमची खुर्ची कायम राहते की ठेक्यावर जाते, हे आज त्याच्या मागे कोण उभं राहतं यावर ठरणार आहे. आणि त्या खुर्चीवर तुमचाच मुलगा अर्ज करणार आहे.

सरकारी शाळेत मूल घालायची हिंमत ज्यांना होईल त्यांनी घालावं. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या महिलांना दिल्या आहेत. मजुरी बुडवून बैठकीला येणाऱ्या आईच्या शेजारी एक शिकलेला पालक बसला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. ज्यांना मूल घालता येत नाही, त्यांच्यासाठी ग्रामसभा आहे. रुग्णालयासाठी रोगी कल्याण समिती आहे. ही कल्पना नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातच, इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात सुरू झाली आणि मग देशभर गेली. आपल्या जिल्ह्यातल्या समितीची बैठक केव्हा होते, तिच्यात कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

येत्या महिनाभरात एक काम करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. तुमच्या गावच्या शाळेत आणि जवळच्या आरोग्य केंद्रात मंजूर जागा किती, कायम भरलेल्या किती, रिकाम्या किती आणि केव्हापासून, एवढेच चार प्रश्न त्यात लिहा. अर्ज एकट्यानं करू नका. शेजारच्या पाच घरांच्या सह्या घ्या, त्यात एक मजुराचं घर असू द्या. आलेलं उत्तर पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा आणि ठरावात नोंदवून घ्या.